गच्चीवरची दुर्बीण आणि दुसरी नजर

॥ श्री सप्तशृंगी माता प्रसन्न ॥

मुंबईहून घासलेला आरसा आला, सहाशे रुपये. डोळ्याशी लावायची दोन भिंगे, तीनशे. पाइप भंगारातला, चाळीस. लाकूड जुन्या पलंगाचे, त्याचे काही पडले नाही. अशी ही दुर्बीण. मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठीच करीत आहे.

मी सरलाबाई सुकदेव बाविस्कर, वय ६१, शिक्षण मॅट्रिक, राहणार डिंडोली, सुरत, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहिते की :

१. घर माझ्या नावे आहे. खालच्या खोल्या मुलगा ललित यास. गच्ची सून नूतन हिस. तिच्या हयातीत वर बांधकाम करू नये, दिवा लावू नये. ललित म्हणाला, "आई, वर खोली काढली तर भाडं येईल. तारे काय भाडं देतात?" नूतन म्हणाली, "मी तरी कुठं देते? मलाही काढा मग." म्हणून गच्ची तिची.

२. दुर्बीण नूतनचीच. माझे यजमान, कै. सुकदेव, ज्यांना पुढे 'हे' म्हटले आहे, दूरच्या दीर्घिका पाहत. तिथे एखादा तारा मरताना एकाएकी भडकतो, तो शोधत. आजूबाजूचे तारे पाठ असले की पंगतीत अनोळखी माणूस बसल्यासारखा तो लगेच कळतो. नूतनला आरत्यांइतके तारे पाठ आहेत.

३. पोस्टातले पैसे माझ्या दिवसकार्याला. वरणभात, एक गोड, मंडप नको. उरेल ते सप्तशृंगी गडावर अन्नदानाला.

४. दुसऱ्याने पाहिल्याशिवाय नवा तारा कळवायचा नाही, हा ह्यांचा नियम. ९३ च्या पाडव्यानंतर ह्यांना एक दिसला. मित्र धुडकूभाऊ बोरसे तेव्हा इथून जवळच पलसाण्याला होते, त्यांना ह्यांनी बघायला सांगितले. ते म्हणाले, "भाऊ, माले काहीच दिखनं नही." ह्यांनी कळवला नाही. पुढे तोच तारा परदेशात कोणी नोंदवला. धुडकूभाऊ त्या दिवशी लग्नाला गेले होते, वर बघितलेच नव्हते, हे त्यांच्या मंडळींनी मला सांगितले. ह्यांच्या कानावर मी ते शेवटपर्यंत घातले नाही. ह्यांना दुसरा मित्र नव्हता.

तरी दोनपैकी बारीक भिंग धुडकूभाऊंस द्यावे. आता ते अमळनेरला आहेत, तिथले आभाळ काळे आहे. नूतनला पडताळायला दुसरी नजर हवी, आणि तारे पाठ असलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. अट एकच : बघितले नसेल तर तसे सांगावे.

सही : सरलाबाई सुकदेव बाविस्कर
साक्षीदार : दगा चिंधा पवार, लीला योगेश महाजन
डिंडोली, सुरत, ता. २० एप्रिल १९९७

नक्कल श्री. धुडकू बोरसे, अमळनेर यांस. भाऊ, कबूल आहे की नाही ते उलट टपाली कळवावे. डॉक्टर दिवाळीचे नाव काढत नाहीत, म्हणून घाई.