गजकर्णाचे आकडे

ती. बुप्पाताईस,

धाकट्या छवालितचा मान लववून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाओजींचा खोकला थांबला का? आणि तुझ्या हातांना खाज वगैरे सुटत नाही ना? (सहज विचारतोय. उत्तर मात्र कोपरापर्यंत नीट बघून दे.) तू दर पत्रात थोंग्योतची चौकशी करतेस. मांजर मजेत आहे. सोंगक्रानला, एप्रिलात नवं वर्ष लागलं तेव्हा, तू माझ्या हातात ठेवलीस, त्या वेळी ओंजळीत मावत होती, आता चांगली गुबगुबीत झाली आहे. तिच्याबद्दल याहून लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून गावातली गंमत कळवतो.

आमच्या विहारात एक मांजर आहे. कुणीतरी आणून सोडलेली (लोक सोडतातच, तुला काय सांगायचं). दोनेक महिन्यांपूर्वी तिच्या पाठीवरचे केस गोल गोल गळायला लागले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कशाचंही कारण सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही, तेव्हा मी बापडा ती कुठे घासली असेल याचा शोध घेत कुंपणाभोवती फिरत होतो. तेवढ्यात शेवयांच्या गाडीवाली लामयाईमावशी पावडरचा डबा घेऊन आली, त्या जागेवर पावडर चोळली आणि तिला आत शून्य दिसलं. शेजारी सहा. सोळा तारखेच्या लॉटरीत शेवटचे दोन आकडे नेमके तेच निघाले. मग काय विचारतेस! लॉटरीच्या आकड्यांसाठी केळीच्या खोडावर आणि वडाच्या बुंध्यावर पावडर चोळणारं सगळं गाव मांजरीभोवती गोळा झालं. ती बिचारी दिवसभर पांढरीशुभ्र. थोरल्या भन्तेंना तिला आंघोळ घालायची होती, तर मावशी हात जोडून आडवी आली, "भन्ते, एक तारखेच्या सोडतीपर्यंत थांबा. मग हवी तेवढी धुवा."

एक तारखेला कुणालाच काही लागलं नाही, पण लोकांच्या अंगावर लाल कडी उमटली. मावशीच्या मनगटावर दोन, पोस्टमनच्या मानेवर एक. आधी सगळ्यांना वाटलं, आकडे आता थेट माणसांवर यायला लागले, आणि दोन दिवस चहाच्या टपरीवर लोक बाह्या वर करून एकमेकांना वाचत बसले. मी जुन्या हजेरीपटात तक्ताच केला. कुणाला, कुठे, कधी. सरपंच विरातराव शपथेवर सांगत होते की त्यांनी मांजरीला बोट लावलेलं नाही, आणि कडं मात्र त्यांच्या पोटावर. या कोड्याने माझे तीन दिवस गेले. शेवटी कळलं की विरातराव दुपारी विहारात टांगलेल्या झोळीत उघडे झोपतात आणि मांजर वर येऊन बसते. बोट खरंच लावलेलं नव्हतं. मावशीने खाज थांबवणारं कुठलं तरी मलम फासलं, तर तिचं मनगटावरचं कडं कोपरापर्यंत पसरलं.

मग तालुक्याहून जनावरांची डॉक्टरीणबाई आली. पोरसवदा, पण कडक. तिने विहारातल्या एका खोलीचे पडदे ओढून जांभळा दिवा मांजरीवर धरला, आणि ताई, केस हिरवे चमकायला लागले! मी आयुष्यात इतकं सुंदर गजकर्ण पाहिलं नव्हतं. (मागून कुणीतरी चमकणारे ठिपके मोजत होतं. बाईने नुसतं वळून पाहिलं.) ती म्हणाली, ही बुरशी आहे, हात लावाल तितकी पसरेल. मांजरीला पोटातून औषध, आठवड्यातून दोनदा गंधकाच्या पाण्याची आंघोळ, एका खोलीत वेगळं ठेवायचं, चादरी धुवायच्या, गळलेले केस रोज झाडून काढायचे. निदान सहा आठवडे. तपासणी दोनदा स्वच्छ आली की मोकळी. माणसांना वेगळं मलम, आणि मनाने काही फासायचं नाही. मी विचारलं, मांजरीला हे आलं कुठून? ती म्हणाली, पुष्कळदा आईकडून, आणि आई दिसायला अगदी धडधाकट असते.

सहा आठवडे म्हटल्यावर गावाची भक्ती आटली. कालपर्यंत तिला तळलेले मासे भरवणारे लोक म्हणाले, नदीपलीकडे सोडून या. विरातरावांनी होडीही देऊ केली. पलीकडे नुसतं शेत आणि मोकाट कुत्री, आणि मांजर सात महिन्यांचीही नाही. भन्तेंनी शांतपणे विचारलं, "हिला इथं आणलं कुणी?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही इकडेतिकडे बघितलं. मग मलाच राहवलं नाही आणि मी म्हणालो, माझी मागची खोली रिकामी आहे. सगळ्यांनी माझ्या करुणेचं फार कौतुक केलं. ते पुरतं ऐकून न घेताच मी खोली झाडायला घाईने घरी निघालो.

भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
छवालित

ता. क. माझ्या गुडघ्यावरही एक कडं आहे. तक्त्यात त्याची तारीख सगळ्यांच्या आधीची निघाली, म्हणून ते पान मी फाडलं.

ता. क. २. तुझी बोकी (थोंग्योतची आई) एकदा डॉक्टरला दाखव. धडधाकट दिसत असली तरी.

ता. क. ३. ताई, आता लिहूनच टाकतो. ऑर्किडच्या कुंड्या पाडल्या म्हणून मी थोंग्योतला आठवड्याभरातच विहारात सोडलं होतं. परवा भन्ते स्वतः तिला घेऊन घरी आले. टोपली उघडताच ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यामागे, तिच्या जुन्या जागी, जाऊन बसली. भन्तेंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "गुरुजी, घर ओळखलं हो तिनं." आंघोळीला तिला धरायला दुसरं माणूस लागतं. तू येशील का? रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

ता. क. ४. हे पत्र वाचून झालं की हात साबणाने धू. लिहिताना ती कागदावर बसली होती.