ब्लॉक केलेल्या मैत्रिणीचं आमंत्रण

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात बटणांचा फोन होता आणि तोही तू हातात धरायची नाहीस. 'माझं बोलणं एवढ्याशा डबीतून कसं जाईल गं माय,' म्हणायचीस. आता ज्याच्या त्याच्या हातात अख्खं गाव मावतं. एका वेळी शंभर जणांशी बोलता येतं, भांडता येतं, आणि एखादं माणूस नकोसं झालं तर बोट दाबून त्याला बंद करता येतं. ब्लॉक करणं म्हणतात त्याला. मग त्याचा निरोप येत नाही, फोटो दिसत नाही, त्याच्या घरी काय चाललंय ते कळत नाही. मी एका बाईला तसं बंद केलं होतं, आणि ती तुझ्या चांगल्या ओळखीची आहे. कुरुळीची माझी मैत्रीण. तुला काकू म्हणायची, आणि वाटीत शेंगोळी पडली की आधी त्यातलं पाणी वाटी तोंडाला लावून पिऊन टाकायची.

आपली काळेवाडीची खानावळ म्हणजे बाहेरची एक खोली. तिथे भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं, आणि आत स्टोव्हपुढे तू. लातूरची, बीडची, कोकणातली, खानदेशातली माणसं, आपल्यासारखीच पोटासाठी गाव सोडून आलेली, सगळी कुठल्या ना कुठल्या कंपनीत. निवडणूक आली की जेवताना नुसता कल्ला व्हायचा. एकदा एक कोकणातला वेल्डर आपल्याकडच्या पुढाऱ्याबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलला. मी शाळेत होते, मला राग आला. त्याचं ताट मी असं आपटलं की आमटी त्याच्या पँटीवर उडाली. तू मला आत बोलावलंस. तुझे हात पिठाचे आहेत, कपाळावर घाम आहे, आणि तू आवाज न चढवता विचारते आहेस, "कामून आपटलंस?" मी कारण सांगितलं. तू म्हणालीस, "त्याच्या तोंडातून काय बाहेर येतंय ते बघू नको. आत काय जातंय तेवढं बघ. जा, भाकर नेऊन दे." मी नेऊन दिली, पण गुर्मीतच. तू तरी कुठली संत होतीस म्हणा! नळावरून शेजारणीशी जे बिनसलं, ते तू जाईपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. तिला आपल्याकडचं जेवण मात्र सणासुदीला न चुकता जायचं, माझ्या हातून.

पुढे मी चाकणला कंपनीत लागले. गाडीच्या आत वायरींच्या जुड्या असतात, त्या बांधायचं काम. मोठा फळा, त्यावर खुंट्या. ही कुरुळीची तिथेच भेटली. ती वायरी बसवायची आणि मी टेप गुंडाळायचे. दिवसभर शेजारी शेजारी उभ्या. तिच्या सासरच्यांची जमीन अर्धी कंपन्यांखाली गेलेली, उरलेल्या तुकड्यात कांदा. गुरुवारच्या सुट्टीला ती पिंपरीत बाजाराला यायची आणि तुझ्या हातचं जेवूनच परत जायची. उन्हाळ्यात तू काळा मसाला केलास की तिची एक बरणी वेगळी काढून ठेवायचीस. तिच्या सासूला तो तिखट लागायचा, म्हणून तू तिच्यासाठी मिरची कमी घालून दुसरा घाणा काढलास. माझ्यासाठी तू असं कधी केलं नाहीस, हे मी तेव्हाच बोलून दाखवलं होतं. तू नुसती हसलीस.

तर भांडण असं झालं. कंपनीच्या बसने जाणाऱ्या आम्हा बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. रोज सकाळी फुलं, देव, बस कुठे पोचली त्याची खबर. निवडणूक आली आणि फुलांच्या जागी पुढारी आले. तिचा भाऊ गावात एका पक्षाचं काम करतो. तो जे पाठवेल ते ती ग्रुपवर टाकायची. मी दुसऱ्या बाजूची. मी उत्तर द्यायचे. समोरासमोर बोललो असतो तर पहिल्याच दिवशी हसून संपलं असतं, पण लाईनवर बोलायला सवड नसायची, आणि फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसतं वाक्य दिसतं. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने लिहिलं की बाहेरून पोट भरायला आलेल्यांनी आम्हाला शिकवू नये. ते मला तुझ्याबद्दलच लिहिल्यासारखं वाटलं. मी लिहिलं की जमिनी विकून गाड्या उडवणाऱ्यांपेक्षा पोट भरायला आलेले बरे. तिने रागाचा चेहरा टाकला. मी तिला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कामाला तर जायचंच होतं. ती वायरी बसवते आहे, मी टेप गुंडाळते आहे, कोण कोणाकडे बघत नाही. हातांना एकमेकींची इतकी सवय की काम कुठे अडलं नाही. सुपरवायझर खूश. "राव, तुमची लाईन कसली शांत झाली! अशीच ठेवा," म्हणाला. काही महिन्यांनी तिचे गुडघे दुखायला लागले आणि तिने काम सोडलं. शेवटच्या दिवशी पेढे वाटले. माझ्या हातावर ठेवताना ती बसच्या वेळेबद्दल काहीतरी पुटपुटली, मी हो म्हटलं, एवढंच. त्याच निवडणुकीत माझी एक शाळेतली मैत्रीणही तुटली. ती काही परत आली नाही. आता येईल असं वाटतही नाही, आणि त्याचं मी फार मनाला लावून घेत नाही. पण कुरुळीकडच्या रस्त्याने बस गेली की माझी मान आपोआप खिडकीकडे वळायची.

आणि मग या वर्षी, लग्नसराईत, एका गुरुवारी दुपारी दारात ती उभी. नऊवारीसारखा चापूनचोपून पदर, हातात पिशवी, घामाने निथळलेली. कुरुळीहून मोशी, मोशीहून नाशिक फाटा, तिथून पिंपरी, तिथून रिक्षा, असं करत आलेली.

"वळखलंस का?" म्हणाली.

"ये की आत."

"येतीच हाय. पाणी दे आधी." पाणी पिऊन तिने पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली, अक्षता काढल्या. "लेकीचं लगीन काढलंय. समद्यांना पत्रिका फोनवर धाडली. येका बोटात दोनशे घरं झाली. तुला कशी धाडू? तू दार लावून बसलीस."

"दुसऱ्या कुणाच्या फोनवरून पाठवायचीस."

"व्हय, म्हंजी तू ती बी बंद करणार." मग माझ्या कपाळाला कुंकू लावताना म्हणाली, "अख्ख्या लग्नात अक्षता घिऊन म्या आले ते तुझं येकच घर हाय. मानाचं हाय, ध्यानात ठेव."

मला हसू आलं आणि रडूही आलं, मग मी चहा टाकायला उठले. ती मागोमाग स्वयंपाकघरात आली, तुझ्या जागी पाटावर बसली. सांगत होती की गुडघे बरे आहेत, वरती चार खोल्या बांधल्यात आणि कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्यात. "कुठली पोरं?" मी विचारलं. ती चहा फुंकत राहिली. "नांदेडची दोन, बीडची तीन. चांगली हायती. मांडवाचं समदं तीच बघणार." मी म्हटलं, "म्हणजे बाहेरचीच की." ती कपाच्या वरून माझ्याकडे बघून म्हणाली, "गप गं. तू लई शाणी. तुझा पुढारी काय दिवे लावतोय ते बघितलंय म्या." आणि आम्ही तिथेच पुन्हा भांडायला लागलो. मोठ्याने, हातवारे करून, अगदी त्याच मुद्द्यांवर. पण आता चेहरा समोर होता. चहा निवला तेव्हा थांबलो, मी दुसरा टाकला.

लग्नाला मी गेले. मांडवाच्या तोंडाशी तिच्या पक्षाच्या पुढाऱ्याचा फलक, माणसापेक्षा मोठा. तिचा भाऊ, ज्याचं सगळं ती ग्रुपवर टाकायची, तो पंगतीत वाढत होता. माझ्यापुढे बुंदीचं भांडं घेऊन थांबला. "ताई, आमच्या पक्षाची बुंदी चालंल का?" आजूबाजूची माणसं कान देऊन ऐकायला लागली. मी म्हटलं, "बुंदी भाचीच्या लग्नाची आहे भाऊ, वाढा." तो मनापासून हसला आणि इतकी वाढली की मला संपवता येईना. बीडची पोरं पाण्याचे जार उचलत होती. त्यातल्या एकाने माझी बोली ओळखून गाव विचारलं. मी तुझं गाव सांगितलं. आईचं गाव सांगताना मला अजून उगीच ताठ बसावंसं वाटतं. पाठवणीला मैत्रीण रडली नाही. लेक गाडीत बसली, गाडी वळली, आणि मग ती माझा खांदा धरून उभी राहिली, बराच वेळ.  

आता महिन्यातून एखाद्या गुरुवारी ती येते किंवा मी जाते. कांद्याची पात आणते, मी तिला मसाला देते, तुझ्याइतका जमत नाही. फोनवर ती अजून बंदच आहे. उघडते म्हटलं तर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हितं यायला बरं पडतंय." मतं तिची बदलली नाहीत, माझीही नाहीत. येत्या निवडणुकीत आम्ही दोघी एकमेकींची मतं व्यवस्थित फुकट घालवणार आहोत. मी सुखात आहे आई, एवढंच तुला कळवायचं होतं. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. मिसळणाच्या डब्याखाली कागद घालायचाय, तिथे जाईल.

फक्त एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. परवा मी माझ्या लेकीच्या फोनवरून तिचं पान गुपचूप उघडून बघितलं. माझ्या पुढाऱ्याची टर उडवणारं काहीतरी तिने टाकलं होतं. मी रागवायच्या तयारीनेच वाचलं, आणि इतकी हसले की लेक आतून विचारायला आली.