काकूंनी रोज परत केलेला अधिकार

सोमवार, ४

आमच्या नळांच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, ते सांभाळायचं काम माझ्याकडे, आणि मला श्वास घ्यायला फुरसत नाही. सकाळी सकाळी गोदामाच्या काकूंचा फोन. माल सोडायला गेलं की संगणकाचा पडदा म्हणतोय, 'आपणांस हा अधिकार नाही.' — "मी इथे कामाला लागले तेव्हा तुझं हे यंत्र जन्मलं तरी होतं का?"

यंत्राच्या वतीने मी माफी मागितली. अधिकार पुन्हा त्यांच्या नावावर चढवला, माल सुटला.

मंगळवार, ५

पुन्हा तेच!

बुधवार, ६

पुन्हा. सॉफ्टवेअरच्या कंपनीला विचारलं. बंद करून चालू करा म्हणे. ते काकूंनी आधीच केलं होतं, वर पडद्याला एक चापटही दिली होती.

गुरुवार, ७

साहेब वर आले. रोज सकाळी गाड्या खोळंबतात, काकूंना जमत नसेल तर सोमवारपासून त्यांना पॅकिंगला पाठवू, म्हणाले. अर्धं आयुष्य गेलंय बाईचं त्या गोदामात! मला रागही आला आणि वाईटही वाटलं. पण भांडू कुठल्या तोंडाने — बिघाड मलाच सापडत नाहीये.

शुक्रवार, ८

आज दुपारपासून गोदामातच ठाण मांडलं. सुटायची वेळ झाली. काकूंनी खिडक्या लावल्या, दिवे मालवले, मग पडद्यासमोर आल्या आणि अगदी शांतपणे 'अधिकार परत करा' दाबलं.

मी ओरडलेच. ते बटण नोकरी सोडून जाणाऱ्यांसाठी आहे!

"मग गोदामाची किल्ली नाही का रोज साहेबांकडे जमा करत? घरी न्यायची नाही, असा नियमच आहे. ही पण किल्लीच ना?"

म्हणजे संध्याकाळी इमानेइतबारे परत करायचा आणि सकाळी मला फैलावर घ्यायचं! हसून हसून माझं पोट दुखलं. त्याही हसल्या. मग हळूच विचारलं, "म्हणजे ही किल्ली रात्री माझ्याकडेच राहू दे? कोणी काही म्हणणार नाही?"

किल्ली घरी न्यायची नाही, हे इतकी वर्षं त्यांच्या मनाला लागलं होतं तर. मला पुढे हसता आलं नाही.

शनिवार, ९

साहेबांना सगळं सांगितलं, काकूंचा तो प्रश्नसुद्धा. पॅकिंगचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी स्वतः खाली गेले आणि खरी किल्ली काकूंच्या हातात ठेवली. "न्या घरी. बघा नेऊन." काकू तरातरा निघाल्या, पर्स छातीशी धरून. माझा निरोपसुद्धा घेतला नाही.

सोमवार, ११

पडदा गप्प, गाड्या वेळेवर. काकूंचे डोळे मात्र लालभडक. आल्या आल्या किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली — दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणाल्या, जरा खुट्ट झालं की उठून बघायचं.

साहेबांनी किल्ली खिशात टाकली. "म्हणून तर कोणाला नेऊ देत नव्हतो."