गुडघ्याएवढी खिडकी

जुनी पेठ, ता. अंबड
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. सूरजदादास,
अक्षताचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. पूर्ण वाच.

खिडकी बदलण्याचा आपला अर्ज वारसा समितीने फेटाळला. बाबांनी एसटीतून रिटायर झाल्यावर हट्टाने हे घर घेतलं, तेव्हा गल्ली वारसा यादीत आहे, दारं-खिडक्या विचारल्याशिवाय बदलता येत नाहीत, हे ठाऊक होतं. नियम मला मान्यच आहे. शेजारच्यांनी सागवानी दार काढून लोखंडी शटर बसवलं तेव्हा पहिली तक्रार मीच केली होती. पण रस्त्याकडची ती गुडघ्याएवढ्या उंचीची खिडकी? तिच्यातून ना उजेड येतो ना वारा. आपल्या माणसांना उंबऱ्याशी येऊ न देता, हात न लागू देता, मजुरीचं धान्य बाहेर लोटायची ती जागा. लग्न होऊन आल्यावर आईनेही तिथे वाकून पदर पसरला आहे.

समितीचे अध्यक्ष नानासाहेब. त्यांच्या चुलत्यांकडूनच आपण हे घर घेतलं. त्यांनी मला समजावलं की अशी कोरीव चौकट जिल्ह्यात दुसरी नाही, शिकलेल्या मुलीला तरी इतिहासाची कदर हवी. आई स्वतःच्या घरात पुढच्या दाराने येत नाही, मागच्या बोळातून येते, असं मी अर्जात लिहिलं होतं. त्यावर एक सदस्य म्हणाले की भावनांचा रकाना अर्जात नसतो.

बाबा बरे आहेत. तू वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो उलट टपाली पत्र लिहिण्याइतका असू दे.

तुझी,
अक्षता


चाकण
दि. १६ फेब्रुवारी

चि. अक्षतास,
दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. एवढं तर मी बारावीला बी वाचलं न्हवतं. साहेब, तुमचं शिक्षण बराबर, पण तुम्ही अर्ज करून राह्यल्या तिथं अर्जाचं काम न्हाई. मी रोज अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. शनवारी कटर घेऊन येतो. बाबांचा चहा होईस्तोवर ती चौकट बाहेर, अन् वर छातीएवढ्या उंचीला जाळीची स्लायडिंग बसलेली. मंग लिहू दे समितीला काय लिहायचं ते.

एक सांगतो. लहानपणी मी आईसंगं तिथं गेल्तो. पदर आखूड पडला अन् निम्मी ज्वारी मातीत सांडली. आतला माणूस थांबला न्हाई. आई मातीसकट गोळा करत बसली. तवापासून मला ते घर फोडायचंय, अन् बाबांनी ते विकत घेतलं. मला अजून बी समजलं न्हाई.

आईला विचारून कळव. भांडलीस तरी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
सूरज


जुनी पेठ, ता. अंबड
दि. २ मार्च

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

कटर घेऊन येऊ नकोस असा निरोप धाडला, म्हणून रागावला असशील. पण आपल्याच घराची खिडकी आपण चोरासारखी का काढायची?

मी दुसरा अर्ज केला. लिहिलं की खिडकी ठेवतो, इतिहासाची कदर करतो. फक्त तिच्याशेजारी पाटी लावू द्या. इथून कोण, कोणाला, काय देत असे आणि कसं, घराण्याच्या नावासह. बैठकीत अर्ज सगळ्यांच्या हातांतून फिरला. मग नानासाहेब म्हणाले की जुन्या गोष्टी उकरून गल्लीचं वातावरण बिघडेल. दुसऱ्या एका सदस्यांना आठवलं की चौकट तशीही किडलेली आहे. जिच्यासारखी जिल्ह्यात दुसरी नव्हती, तिला त्यांनी चहा यायच्या आत वाळवी लावली. खिडकी बदलायला परवानगी मंजूर.

घरी येऊन मी भांडले. म्हटलं, आता ती हलवायचीच नाही, पाटीच लावायची. आईने विचारलं की पाटी लोक येता-जाता वाचतील, पण घरात बसून रोज त्या खिडकीकडे बघायचं कोणी? मी पाटीचा मजकूर फाईलमध्ये ठेवून दिला.

काल नानासाहेब स्वतः परवानगीचा कागद घेऊन आले. बाबा त्यांना आत बोलवायला उठले. तेवढ्यात आई पुढच्या खोलीत येऊन जमिनीवर बसली. खिडकीची फळी तिने आतून उघडली आणि मला म्हणाली की पाहुण्यांना सांग, कागद इथून द्या. नानासाहेब हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. आईने हात पुढे केला नाही, ती नुसती बसून राहिली. समोरच्या ओट्यावर माणसं जमली होती. शेवटी नानासाहेब भिंतीला हात टेकून वाकले आणि त्यांनी कागद आत सरकवला. चष्मा पडला, तो बाबांनी उचलून दिला.

मला वाटलं होतं, माझा राग उतरेल. उतरला नाही, दादा. त्यांना एकदाच वाकावं लागलं.

आईने कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाली की आता सूरजला बोलाव. तर ये. दिवसाढवळ्या ये, कटरचा आवाज गल्लीभर होऊ दे. अ‍ॅल्युमिनियम मात्र आणू नकोस. नव्या चौकटीला सागवानच लागेल, तो नियम मी पाळणार आहे. सुताराला सांगून ठेवलं आहे.

बाबांचा आशीर्वाद. माझ्यावरची माया माझ्या रागासकट सांभाळ.

तुझी,
अक्षता