माझं पानी गेलं

आई, शेवटच्या दिवशी तू कोणाला काही सांगितलंच नाहीस, लाजून सगळं पोटात ठेवलंस, असं आपल्या आळीत अजून म्हणतात. बाबाही तेच धरून बसलेत. तसं नव्हतं, हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे.

मी चौथीत होतो. शुद्धलेखनात माझी एकही चूक निघत नसे, आणि घरात सगळ्यांच्या चुका मी काढत असे. तू पानी म्हणालीस की मी पाणी म्हणायचो, तू लोनी म्हणालीस की लोणी. एकदा तू ताटली पुढ्यात आदळलीस, "आधी जेव. तुझ्या त्या 'ण'नं पोट भरतं का?" पण ओट्यावर बायकांना मात्र सांगायचीस, "माझा मास्तर हाय तो."

त्या दिवशी भर दुपार आहे, बाबा बोटीवर, तुला नववा लागलेला. मी पाढे लिहितोय. तू भिंतीला धरून उभी आहेस, गाऊन खालून ओला. मला वाटतं, कळशी लवंडली. "माझं पानी गेलं," तू म्हणतेस, "जा, काकीला सांग." मी धावलो, आणि धावता धावता तुझं वाक्य दुरुस्त केलं. पानीचं पाणी केलं. 'माझं' काढून टाकलं, कारण नळाचं पाणी जातं ते सगळ्या आळीचं जातं, एकटीचं कसं जाईल? शेजारची काकी तिच्या दारात बोंबील वाळत घालत होती. "आई म्हणते, पाणी गेलं." तिने मान वर केली नाही. "मग मी काय करू? दारात हंडा भरलेला हाय, तो ने." मी तो दोन्ही हातांनी उचलून, निम्मा सांडत घरी आणला. तू हंड्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि हसलीस. "बरं केलंस, मास्तर." कळा नव्हत्या. पोरापुढे आणखी काय बोलणार होतीस? संध्याकाळी बोट लागेल, मग नवऱ्याला सांगू, असं ठरवून तू आडवी झालीस. बोट त्या संध्याकाळी लागली नाही. सकाळी काकी आपला हंडा मागायला आली, तेव्हा तू तापाने फणफणलेली होतीस. मासळीच्या टेम्पोतून तुला नेलं. आधी बाळ गेलं, मग तू. पाणी कधी गेलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. काकी रडत म्हणाली, "बोललीच नाय हो ती." मी तिच्या शेजारीच उभा होतो.

आठवीत शाळा सुटली. आता शहरात, एव्हरशाईन वसाहतीजवळ फ्लेक्सच्या दुकानात मजकूर टाईप करतो. परवा आरोग्य केंद्राच्या सिस्टर गरोदर बायकांसाठी एक बोर्ड करून घ्यायला आल्या. कागदावर लिहिलं होतं, 'गर्भजल गळणे'. मी म्हणालो, "सिस्टर, आमच्या पाचूबंदरात हे कोणाला कळणार नाही." "मग काय लिहू?" "माझं पानी गेलं." त्या हसल्या. "न? अरे, वेलांटीवरून माझं डोकं खाणारा तूच ना?" पण कागदाकडे परत पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे." खाली मी मोठ्या अक्षरांत टाकलं, कळा नसल्या तरी लगेच दवाखान्यात या.

काल तो बोर्ड आपल्या अंगणवाडीत लावला. मी स्टुलावर चढून सुतळी बांधत होतो. काकी आता काठी घेऊन चालते. तिने कोणाकडून तरी बोर्ड वाचून घेतला आणि शेजारी बसलेल्या पोटुशा पोरीला म्हणाली, "बघ गं, असं झालं तर तोंड उघडायचं. याची आय बोलली नाय, म्हणून गेली." पोरीने मान वर करून मला विचारलं, "खरंच, दादा? त्यांनी कोणालाच नाही सांगितलं?"

आई, मी "कोणालाच नाही" म्हणालो. आणि गाठ पक्की बसली होती तरी ती पुन्हा सोडून बांधली.

हे बाबांना वाचून दाखवायचं, म्हणून आज लिहायला बसलो. ते ओट्यावर जाळं शिवतायत. दोनदा विचारून झालं त्यांचं, "काय लिवतोस रे एवढं?"

दुकानाचं काम आहे, म्हणालो.