गोळ्या थांबल्या, घरी येतो

मुंबई, १९ नोव्हेंबर १९७४

चि. दामूस, दादाचा इस्पितळातून आशीर्वाद.

इथं जेवण बरं मिळतं. भात झोडून झाला का?

हा प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून डॉक्टरांनी बायकी हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. छाती बाईसारखी सुजली, पण वर्षभर हाडं दुखली नाहीत. आता कंबर पुन्हा धरलीय. मी म्हटलं, “गोळ्या वाढवा.” डॉक्टर म्हणाले, “आता रोग त्या हार्मोनवाचूनही वाढतो, देवराम. घरी जा.”

तुझ्या वहिनीला मात्र सांग, बरा होऊन येतोय.

रविवारी भिवंडीच्या स्टँडवर बैलगाडी आण. पेंढा जाड घाल, धक्के सोसत नाहीत.

माझ्या सरूचं, लेकीचं लग्न माघात धरलंय, ते तुळशीच्या लग्नामागोमाग उरक. तेवढं मला बसून बघता येईल.

तुझा दादा,
देवराम