दसऱ्यानंतरचा प्रिंटर

अण्णा, अंबडच्या आपल्या दुकानात आता विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून मिळत नाहीत. तुमच्यामागे मी तिथे संगणक मांडले. लोकांचे अर्ज भरतो, सातबारा काढून देतो. तुमचं वाइंडिंगचं मशीन मात्र कोपऱ्यात तसंच आहे आणि दसऱ्याला पहिलं हळदीकुंकू त्यालाच लागतं. आई लावते. तुम्ही गेल्यापासून तिने कुठं जाणंयेणंच सोडलंय, जवळची लग्नंसुद्धा टाळते. वर्षातून हा एकच दिवस ठेवणीतली साडी नेसून ती दुकानात येते, एकेका यंत्रावर झेंडू ठेवते, हात जोडते आणि अक्षता टाकते. तिचा हात किती सढळ, ते तुम्हाला मी काय सांगणार!

यंदा दुसऱ्याच दिवशी प्रिंटर अडून बसला. कागद तिरका ओढायचा, चुरगाळायचा, आणि कागद काढून घेतला तरी अडकल्याचा लाल दिवा चालूच. बंद करून पुन्हा चालू केला, वायर बदलली, दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिला. शेवटी वैतागून वरून एक थाप मारली. सातबाऱ्यासाठी खेड्यावरून आलेले एक काका बाकावर बसले होते. ते म्हणाले, "मारून काय व्हतंय त्याला? जल्दी करा, माझी बस निघून राह्यली." आणि मला तुम्ही आठवलात. शाळेतून आल्यावर मी एकदा दुकानातल्या बंद पंख्याला अशीच चापट मारली होती, तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांसमोर खेकसला होतात, "मशीन हाय ती, म्हैस न्हाई! आधी उघड, बघ, मंग हात लाव." दिवसभर मी गाल फुगवून बसलो होतो.

मग उघडलं. मागच्या फटीत मोबाइलचा उजेड पाडला, तर रबरी रोलरच्या कडेला कुंकवाने लाल झालेले तांदूळ. चिमट्याने काढले आणि कागद सरळ बाहेर आला. काका सातबारा घेऊन स्टँडकडे पळाले. मी मात्र चिमटा धरून तसाच बसलो, कारण दसऱ्यानंतरची एक सकाळ डोळ्यांपुढे आली. तुम्ही चहासुद्धा न घेता किल्ली उचलताय. मी मागे लागतो तर म्हणताय, "तू ये सावकाश." मी पोचतो तेव्हा मशीन लख्ख आणि तुमच्या खिशात रंगकामाचा जुना ब्रश. मला वाटायचं, अण्णांना कामाची फारच घाई. तुम्ही अक्षता झाडत होतात! इतकी वर्षं, आईला एका शब्दाने न दुखवता. तुमच्याबद्दल एवढी माया मला तुम्ही असतानाही कधी वाटली नव्हती.

आता पाळी माझी होती. आईला खरं सांगितलं तर पुढच्या दसऱ्याला ती येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. घरात बसून राहायला तिला एवढं निमित्त पुरेल. जेवताना तिने विचारलंच, "आज लय उशीर केला रे. काय झाल्तं दुकानात?"

"काही न्हाई. प्रिंटरची वायर सैल झाल्ती."

"तांदूळ व्हता ना?" भाकरी वाढता वाढता ती म्हणाली. "तुझे अण्णा बी असंच काहीबाही सांगायचे. पुढच्या वर्षी मी मशीनच्या पायाशीच ठेवीन, वरून टाकनार न्हाई."

"म्हंजे तुला ठाऊक व्हतं? मंग त्यांना बोलली का न्हाईस?"

"त्यांना वाटायचं मला कळत न्हाई. वाटू दिलं. तेवढंच बरं वाटायचं त्यांना."

हे सगळं मी दुकानात बसून टाइप करतोय, पण छापणार नाही. कागद घरी गेला तर तिच्या हाती लागेल. एक तेवढं तुमच्यापाशी कबूल करतो. पुढच्या वर्षी येणार म्हणाली, एवढ्यावरच त्या दिवशी माझ्या डोळ्यांतलं पाणी ताटात गळायला लागलं. ठेचा तिखट झालाय, असं मी तिला सांगितलं. त्या दिवशी ताटात ठेचा नव्हताच, अण्णा. तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.